एक किल्ली आणि अनेक हात



या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वान बोलून गेले आहेत. त्यांच्या रांगेत कामगार संघटनेच्या माणसाचे नाव पाहून, हा गृहस्थ बोनस आणि महागाई भत्ता यांवरच बोलणार, असा तर्क आपल्यापैकी पुष्कळांनी केला असेल. परंतु मी आज संगणकाविषयी बोलणार आहे. मी पदवीधर नाही. या विषयातले जे थोडेफार समजले ते रात्री पुस्तके उघडून, आणि आमच्या सभासदांच्या शिकल्यासवरल्या मुलांना प्रश्न विचारून समजले. तेव्हा माझे काही चुकले तर जाणकारांनी व्याख्यानानंतर जरूर कान धरावा.

मला या विषयाकडे एका जुन्या प्रश्नाने नेले. तो प्रश्न असा की, माणसे दुप्पट केली तरी काम दुप्पट का होत नाही?

१९९८ साली एका मोठ्या गोदामातल्या हमालांचे भांडण माझ्याकडे आले. तेथे माल उतरवण्यास फार विलंब होई, ट्रकांची रांग थेट रस्त्यापर्यंत जाई. मालकांनी दोन टोळ्यांच्या चार टोळ्या केल्या, तरी रांग हटेना. तेव्हा ‘कामगार मुद्दाम संथ काम करतात’ असा ठपका ठेवून नऊ जणांना नोटिसा देण्यात आल्या. मी दोन दिवस फाटकाशी बसून घड्याळ लावून टिपणे काढली. टोळ्या चार होत्या, पण आवकीची नोंदवही एकच होती आणि ती एका कारकुनाच्या मेजावर असे. प्रत्येक खेपेला मुकादमाने मेजाशी जावयाचे, वही मोकळी होईपर्यंत ताटकळायचे, नोंद करावयाची आणि मग टोळीला हाक द्यावयाची. माणसे बराच वेळ काम करीत नव्हती, ही गोष्ट खरीच होती. पण ती बसून नव्हती. ती वहीची वाट पाहत होती.

या भांडणाचा शेवट काय झाला ते मी शेवटी सांगेन. सांगावयाचे हे की, पुढे काही वर्षांनी संगणकाच्या पोटातली व्यवस्था मी वाचू लागलो, तेव्हा तेथे मला हीच वही, हीच रांग आणि हाच ठपका आढळला.

आता थोडे मूळापासून पाहू. आपण भाजीवाल्याकडे जातो, मोबाईल पुढे करतो आणि पैसे देतो. ही यूपीआयची सोय आपल्याकडे २०१६ साली सुरू झाली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यातल्या व्यवहारांची संख्या एक हजार कोटींच्या पुढे गेली. यातला प्रत्येक निरोप लहान लहान पाकिटांत भरून तारांवरून धावतो. पलीकडे जो मोठा संगणक असतो, त्याच्या दारात नेटवर्क कार्ड नावाचा एक द्वारपाल बसलेला असतो. तो पाकीट घेतो, संगणकाच्या स्मृतीत ठेवतो आणि घंटी वाजवतो. मग ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे त्या यंत्राचा कारभारी, पुढे येतो. पाकीट आपल्याच पत्त्याचे आहे काय, ते कोणत्या संभाषणातले आहे, आधीचे पाकीट पोहोचले काय, मध्ये एखादे गहाळ झाले काय, हे सर्व तो एकेक पायरीने तपासतो आणि मग आतला मजकूर योग्य त्या प्रोग्रामच्या हाती देतो. या पायऱ्या एकावर एक रचलेल्या असतात, म्हणून त्यांना नेटवर्क स्टॅक म्हणतात. आपण आज सोयीसाठी त्याला ‘टपालखाते’ म्हणू.

या टपालखात्याची जी मांडणी पुढे सर्वत्र प्रमाण मानली गेली, ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील मंडळींनी १९८३ साली युनिक्सच्या आपल्या आवृत्तीत लोकांपुढे ठेवली. त्या काळी बहुतेक यंत्रांत हिशेब करणारा प्रोसेसर एकच असे. एकच कारकून असल्यावर दोघांनी एकाच वहीत एकदम लिहिण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. पुढे तारांचा वेग वाढत गेला. सेकंदाला एक कोटी बिट वाहणारे जाळे दहा कोटींवर गेले, मग शंभर कोटींवर, मग हजार कोटींवर. हजार कोटी बिटांच्या तारेवरून सर्वांत लहान आकाराची पाकिटे आली, तर ती एका सेकंदात सुमारे एक कोटी एकोणपन्नास लाख येऊ शकतात. म्हणजे एका पाकिटाला ६७ नॅनोसेकंद मिळतात, आणि एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. तेवढ्या अवधीत आजच्या एका प्रोसेसरचे जेमतेम दोनशे ठोके पडतात. इकडे २००५ च्या सुमारास प्रोसेसरचे ठोके वाढवणे उष्णतेमुळे जवळजवळ थांबले. मग कारखानदारांनी एकाच तुकड्यावर दोन, चार, सोळा प्रोसेसर बसवण्यास आरंभ केला. थोडक्यात, कारकून अधिक चपळ होईना, म्हणून कारकून वाढवले.

येथे आमचा गोदामाचा प्रश्न उभा राहतो. दोन कारकुनांनी एकाच खात्यात एकदम लिहिले तर काय होईल? खात्यात शंभर रुपये आहेत. पहिल्याने शंभर वाचले, दुसऱ्यानेही शंभर वाचले. पहिल्याने दहा मिळवून एकशेदहा लिहिले, दुसऱ्याने वीस मिळवून एकशेवीस लिहिले. जमा झाले तीस, वहीत दिसले वीस. दहा रुपये कोणीही न चोरता गेले. हे टाळण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे खोलीला एकच कुलूप घालणे. ज्याच्या हाती किल्ली त्यानेच आत जावे, बाकीच्यांनी बाहेर थांबावे.

लिनक्स या नावाची ऑपरेटिंग सिस्टीम लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केली. १९९६ साली तिच्या २.० या आवृत्तीत अनेक प्रोसेसर चालवण्याची सोय प्रथम आली, ती अशाच एका मोठ्या कुलपाच्या आधाराने. त्याला नावही ‘मोठे कुलूप’ असेच पडले. मी त्या माणसांना दोष देत नाही. आधी हिशेब बरोबर यावा, वेग मागाहून पाहू, हा शहाणपणाचाच क्रम आहे. परंतु तात्पुरता बांधलेला मांडव कायमचे घर होऊन बसतो, हा अनुभव आपल्या सर्वांना आहे.

१९९९ साली या मांडवाची परीक्षा झाली. मायक्रोसॉफ्टने पैसे देऊन एका संस्थेकडून एक चाचणी करवली. चार प्रोसेसर आणि चार नेटवर्क कार्डे असलेले एकच यंत्र घेतले, आणि त्यावर एकदा विंडोज एनटी व एकदा लिनक्स चालवून पाहिले. वेबची पाने पुरवण्यात एनटी ३.७ पट आणि फायली पुरवण्यात २.५ पट पुढे निघाली. लिनक्सच्या लोकांनी आरडाओरड केली. चाचणी पैसे घेऊन केलेली आहे, आमचे यंत्र नीट लावलेच नव्हते, असे ते म्हणाले. त्यात काही तथ्य होतेही. पण मग त्यांच्या जाणत्यांना बोलावून चाचणी पुन्हा घेतली, तरीही एनटीच पुढे राहिली. येथे या मंडळींनी जे केले, ते मला फार आवडते. त्यांनी तक्रार बाजूला ठेवून दोष आपल्या घरात शोधला. तो असा निघाला की, प्रोसेसर चार असले तरी आलेली पाकिटे उलगडण्याचे काम एका वेळी एकाच प्रोसेसरला करता येत होते. चार टोळ्या आणि एक वही! जानेवारी २००१ मध्ये २.४ ही आवृत्ती आली, तिच्यात हे टपालखाते अनेक प्रोसेसरांवर एकाच वेळी चालू लागले.

एका किल्लीने किती नुकसान होते, याचा हिशेब जीन अॅमडाल या अभियंत्याने १९६७ सालीच मांडून ठेवला होता. समजा, कामाचा पाचवा हिस्सा असा आहे की तो एका वेळी एकालाच करता येतो. मग आठ प्रोसेसर लावले तर वेग आठपट होत नाही, सव्वातीन पटींच्या थोडा वर जातो. सोळा लावले तर चौपट. चौसष्ट लावले तरी पाचपट होत नाही, आणि हजार लावले तरी नाही. ज्या व्यवस्थापकाला हे गणित ठाऊक नाही, तो चौसष्टाव्या माणसाला आळशी ठरवणार.

मग उपाय काय? पहिला उपाय कोणालाही सुचेल. एका मोठ्या कुलपाऐवजी पुष्कळ लहान कुलपे करावीत. प्रत्येक कपाटाला वेगळे, प्रत्येक खात्याला वेगळे. फ्रीबीएसडी ही बर्कलेच्या घराण्यातली दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या मंडळींनी २००० साली हे काम हाती घेतले. त्यांच्या मोठ्या कुलपाचे नाव ‘जायंट’, म्हणजे राक्षस, असे होते. टपालखाते त्या राक्षसाच्या हातून बहुतांशी सोडवून ५.३ ही आवृत्ती बाहेर पडायला नोव्हेंबर २००४ उजाडला. चार वर्षे लागली, याचे नवल वाटू नये. कुलपे वाढली की नवी भांडणे वाढतात. एकाने पहिल्या कपाटाची किल्ली घेऊन दुसरीची वाट पाहावी, दुसऱ्याने दुसरी घेऊन पहिलीची वाट पाहावी. दोघेही सभ्य, दोघेही नियमाने वागणारे, आणि दोघेही जन्मभर उभे. म्हणून किल्ल्या कोणत्या क्रमाने घ्यावयाच्या याचा कडक नियम करावा लागतो, आणि हजारो ओळींच्या जुन्या लिखाणात तो पाळला जातो की नाही हे तपासावे लागते.

पण याहून खोल गोष्ट पुढे कळली. ती अशी की, भांडण होत नसले, किल्ली मोकळी असली, तरी सामाईक वस्तूला हात लावणे हेच महाग आहे. प्रत्येक प्रोसेसर आपल्याजवळ कॅश नावाचा एक लहानसा खण ठेवतो. लागणाऱ्या गोष्टी तो त्यात ६४ बाइटांच्या तुकड्यांनी आणून ठेवतो. एखाद्या तुकड्यावर दुसऱ्या प्रोसेसरने लिहिले की पहिल्याच्या खणातली प्रत रद्द होते, आणि ती नव्याने मागवावी लागते. या ये-जा करण्यात दहा-वीस नॅनोसेकंदांपासून शंभरांच्या वर वेळ जाऊ शकतो. मघाचा हिशेब आठवावा. एका पाकिटाला मिळतात एकंदर ६७! ‘आजवर किती पाकिटे आली’ असा एकच आकडा सर्वांनी मिळून वाढवावयाचा म्हटले, तर तो निरुपद्रवी आकडाच सर्वांच्या पायातली बेडी होतो. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी २०१० साली ४८ प्रोसेसरांच्या यंत्रावर लिनक्सची कसून तपासणी केली. त्यांना अडथळे सापडले ते बहुतांशी अशाच सामाईक आकड्यांचे आणि सामाईक याद्यांचे. सोळा दुरुस्त्या आणि सुमारे तीन हजार ओळी, एवढ्याने त्यांतले बहुतेक दूर झाले.

यावरचा उपाय मला तरी अतिशय सुंदर वाटतो. प्रत्येक प्रोसेसरने आपला आकडा आपल्याच खणात ठेवावा. कोणी एकूण विचारले तरच सगळ्यांची बेरीज करावी. त्या क्षणी ती बेरीज दोन-चारांनी मागेपुढे असेल, आणि ते चालते. ‘सगळा आकडा दर क्षणाला एका ठिकाणी अचूक दिसलाच पाहिजे’, हा हट्ट सोडला की काम मोकळे होते.

हेच तत्त्व संबंध टपालखात्याला लावता येईल काय? प्रत्येक प्रोसेसरला पाकिटांचा स्वतःचा पूर्ण हिस्सा द्यावा, आणि त्याने तो पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत एकट्याने निभवावा. पण वाटणी कशी करावयाची? पहिले पाकीट पहिल्याला, दुसरे दुसऱ्याला, अशी पत्ते वाटल्यासारखी वाटणी समान दिसते, परंतु ती घातक आहे. एकाच संभाषणातले पाचवे पाकीट चौथ्याच्या आधी तयार होईल. पाकिटांचा क्रम राखणारा टीसीपी नावाचा जो नियम आहे, त्यात घेणाऱ्याने एकच पोच आणखी तीनदा पाठवली की मधले पाकीट हरवले असे पाठवणारा समजतो. मग तो ते पुन्हा धाडतो आणि आपला वेगही उतरवतो. म्हणजे वाटणीत न्याय केला आणि कामात खोळंबा केला.

म्हणून वाटणी पाकिटांची न करता संभाषणांची करतात. पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, आणि दोन्हीकडच्या दारांचे क्रमांक, हे चार आकडे प्रत्येक पाकिटावर असतात. त्यांवरून एक ठराविक गणित केले की एक संख्या निघते, आणि तेच चार आकडे असतील तर नेहमी तीच संख्या निघते. त्या संख्येवरून पाकीट कोणत्या रांगेत टाकावयाचे ते ठरते, आणि प्रत्येक रांगेचा प्रोसेसर ठरलेला असतो. हे गणित आता द्वारपालच, म्हणजे नेटवर्क कार्डच, करतो. या पद्धतीचे ‘रिसीव्ह साइड स्केलिंग’ हे नियम मायक्रोसॉफ्टनेच घालून दिले, आणि लिनक्सनेही ती पद्धत उचलली. चांगली गोष्ट कोठूनही घ्यावी! ज्या कार्डांना हे गणित येत नाही, त्यांच्यासाठी ते काम लिनक्स स्वतः करू लागली, ते ऑगस्ट २०१० च्या २.६.३५ या आवृत्तीपासून. त्याच आवृत्तीत आणखी एक सुधारणा आली. ज्या प्रोसेसरवर ते पत्र वाचणारा प्रोग्राम बसला आहे, तेथेच पाकीट न्यावे, म्हणजे हस्तांतराचा खर्च वाचतो. २०११ साली पाठवण्याच्या बाजूलाही तशीच सोय झाली. नव्या संभाषणांचे दार मात्र अजून एकच होते, आणि सारे प्रोग्राम त्याच दाराशी गर्दी करीत. २०१३ साली ३.९ या आवृत्तीने एकाच क्रमांकाची अनेक दारे उघडण्यास मुभा दिली.

काही गोष्टी तरीही सामाईक राहतातच. कोणता पत्ता कोणत्या वाटेने जावयाचा, हा नकाशा सर्वांना लागतो. पण तो वाचतात लाखो वेळा आणि बदलतात क्वचित. म्हणून वाचणाऱ्याला कुलूपच घालावयाचे नाही. बदलणाऱ्याने नवी प्रत तयार करावी, ती एका झटक्यात जुनीच्या जागी टांगावी, आणि जुनी वाचणारे सर्वजण उठून गेल्यावर ती फाडावी. ही रीत लिनक्समध्ये २००२ साली आली.

या सर्वांना मर्यादा नाहीत काय? आहेत, आणि त्या लपवू नयेत. गणिताने केलेली वाटणी सरासरीने समान असते, प्रत्येक क्षणी नसते. एखादेच संभाषण अवाढव्य निघाले, तर ते एका प्रोसेसरच्या माथी बसते आणि बाकीचे रिकामे राहतात. ते फोडावे तर क्रम बिघडतो. क्रम, समान वाटणी आणि वेग ही तिन्ही एकदम पूर्णपणे मिळत नाहीत. कोठे किती सोडावयाचे, हे ठरवणे म्हणजेच मांडणी करणे. आणि मांडणी बदलण्यास वेळ लागतो. लिनक्सचे ते मोठे कुलूप १९९६ साली लागले, ते पूर्णपणे निघाले मे २०११ मध्ये. पंधरा वर्षे! एवढ्या अवधीत जगभरची यंत्रे तिच्यावर चालतच होती. चालत्या गाडीची चाके एकेक करून बदलली गेली.

आता गोदामाकडे परत येतो. मी मालकांना विचारले, वही एकच का? उत्तर आले, ‘एकूण आवक कोणत्याही क्षणी एका ठिकाणी दिसावी म्हणून.’ मी म्हटले, ‘तो आकडा तुम्ही दिवसातून किती वेळा पाहता?’ उत्तर आले, ‘संध्याकाळी एकदा.’ त्या एका नजरेसाठी चार टोळ्या दिवसभर ताटकळत होत्या! पुढे चार वह्या झाल्या. एका ट्रकचा माल पहिल्या पोत्यापासून शेवटच्या पोत्यापर्यंत एकाच टोळीने उतरवावयाचा आणि आपल्या वहीत लिहावयाचा, असे ठरले. बेरीज संध्याकाळी होऊ लागली. तीन आठवड्यांत रांग फाटकाच्या आत आली आणि सात नोटिसा मागे घेतल्या गेल्या. उरलेले दोघे रोजंदारीचे होते. त्यांना चौकशीआधीच काढून टाकले होते, आणि ते पुन्हा लागले नाहीत. मांडणी आधी तपासली असती तर त्या दोघांची भाकरी गेली नसती. ती टोचणी मला आजही आहे, आणि आज आपल्यापुढे हा विषय घेऊन उभा राहिलो तो त्या टोचणीमुळेच.

एक सावधगिरीचा शब्द सांगून थांबतो. यंत्राचा नियम माणसांना जसाच्या तसा लावू नये. रिकामा प्रोसेसर उपाशी राहत नाही. रिकामा हमाल राहतो. यंत्रात जास्त झालेला प्रोसेसर झोपवता येतो, माणसाला घरी पाठवणे ही निराळी गोष्ट आहे. परंतु एक धडा दोहोंकडे सारखाच लागू पडतो, असे मला वाटते. आपण ‘बारभाईंची शेती’ म्हणतो आणि बाराही भावांना नावे ठेवतो. दोष पुष्कळदा भावांचा नसतो. बारा जणांत औत एकच असते. हातांवर ठपका ठेवण्यापूर्वी ते हात कशाची वाट पाहत उभे आहेत, एवढे एकदा जाऊन पाहावे. ज्यांनी ते संगणकात पाहिले, त्यांनी पंधरा वर्षे खपून का होईना, कुलूप काढले.